उगवतीला सरकवा

तेव्हा मी तरुण होते. एकसष्ट वर्षांची. त्या वयात माणसाला आपल्याला सगळं येतं असं वाटतं, तसं मलाही वाटायचं. निलंग्याच्या शाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. नोकरीभर गॅदरिंगचे पडदे मीच रंगवले. प्रत्येक पडद्यावर दोन डोंगर, मधून सूर्य, आणि कडेला नारळाची झाडं. निलंग्यात नारळ दिसतो तो देवापुढं फोडताना. त्याचं झाड मी तरी कुठं नीट पाहिलं होतं! पण एवढ्या भांडवलावर मी नांदेडच्या एका कॉलेजात नाट्यशास्त्राला नाव घातलं. नेपथ्य शिकायचं म्हणून.

लातूरला असलेला मुलगा म्हणाला, आई, इथं योगाचे वर्ग आहेत की. सुनेनं शेंगदाण्याच्या चटणीचा डबा भरून दिला.

नांदेड मला नवं नव्हतं. गुरुद्वारा, दवाखाना, लग्नं, कितीदा आले होते. पण शहरात येणं वेगळं आणि पाठीला दप्तर लावून येणं वेगळं. पहिल्या दिवशी रिक्षावाल्यानं विचारलं, नातीला सोडायला आलात का? मी खुशाल हो म्हटलं. वर नातीचं कौतुकही केलं, लई हुशार हाय म्हणून.

वर्गात सगळी मला आजी म्हणत. सर माझ्या मुलापेक्षा लहान, पुण्याकडचे; ते मला बाई म्हणत. पहिल्या सत्राच्या शेवटी दोन गट पडायचे होते, नेपथ्य आणि वेशभूषा. नेपथ्याच्या जागा मोजक्या. सरांनी मला फार गोड आवाजात सांगितलं की बाई, तुम्ही वेशभूषा घ्या. शिडी नको, करवत नको. मी जन्मभर इस्त्र्या केल्या होत्या. मला आता भिंत उभी करायची होती. मी हटून बसले. शेवटी सर म्हणाले, सगळ्यांसारखी परीक्षा द्या, जमलं तर नेपथ्य.

परीक्षा साधी होती. प्रेक्षकांच्या खुर्चीत बसायचं आणि नुसत्या बोलण्यानं रंगमंचावर खोली लावून घ्यायची. प्रसंग सकाळचा, खेड्यातल्या घरातला; म्हातारा पलंगावर उठून चहा पितो. सामान पलंग, ट्रंक, एक दाराची चौकट आणि एक खिडकीची. सामान हलवायला वर्गातली चार जणं.

आता रंगमंचावर डावं-उजवं धरायचं ते नटाचं. आपण समोर बसतो, म्हणजे आपल्या उलटं. बाकीच्यांना हे दोन दिवसांत आलं. माझी गोम वेगळी होती. पहिलीच्या पोरांसमोर उभं राहून 'उजवा हात वर' म्हणताना मी आपला डावा वर करायचे, म्हणजे पोरांना आरशात बघितल्यासारखं सोपं जातं. चौतीस वर्षं असं केल्यावर माझं स्वतःचं उजवं कोणतं, हे मला जेवायला बसल्याशिवाय कळत नसे.

म्हटलं, पलंग डावीकडं घ्या. घेतला. नाही नाही, उजवीकडं. नेला. वरून पोरं विचारत, तुमच्या उजवीकडं की आमच्या? पलंग तीनदा फिरला. सर वहीत काहीतरी लिहायला लागले. मला त्या वहीत इस्त्री दिसायला लागली. आणि मग माझ्या तोंडून आपोआप शेतातली भाषा निघाली.

"पलंग जरा उगवतीला सरकवा."

चौघांनी एका दमात सरकवला. चौघंही खेड्यातलीच. मग काय, माझी गाडी सुटली. खिडकी उगवतीला, दार दक्षिणेला नको, ट्रंक मावळतीच्या भिंतीला, म्हाताऱ्याचं डोकं उत्तरेला चुकूनही नको. पाच मिनिटांत खोली लागली. मी सरांकडं वळून असं बघितलं, जशी काही मीच पृथ्वी फिरवते.

तेवढ्यात पलंगाजवळची नायगावची पोरगी खुदकन हसली.

"आजी, तुमची उगवत इकडं न्हाई. आम्ही तुमच्या हाताकडं बघून सरकवून राहिलो."

वाद सुरू झाला. कुणी म्हणे उगवत कॅन्टीनकडं, कुणी म्हणे पार्किंगकडं. बंद सभागृहात सूर्य कुठला! शेवटी सगळी वरात बाहेर गेली. दहाचा सूर्य पार्किंगच्या बाजूला तापत होता, आणि मी हात केला होता कॅन्टीनकडं. माझी उगवत चक्क मावळतीला निघाली. शेतकऱ्याची लेक! माझ्या वडिलांनी ऐकलं असतं तर मला बांधावर उभं करून दिशा पाठ करून घेतल्या असत्या.

आत आल्यावर सर शांतपणे म्हणाले, "बाई, मग आता काय करायचं?"

सगळी फिरवून पुन्हा लावते, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. पण इतका घाम गाळलेला पलंग हलवायची इच्छा होईना.

"काही नाही करायचं," मी म्हटलं. "घर खोटं, म्हातारा खोटा, चहा खोटा. मग सूर्य तेवढा खरा कशाला? त्याला म्हणावं, आज तू खिडकीतून उगव."

सरांनी वही मिटली आणि दिवेवाल्याला सांगितलं, त्या खिडकीमागं एक पिवळा लावा. दिवा लागला. पलंगावर उन्हाचा चौकोन पडला, नेमका म्हाताऱ्याच्या पायाशी. नायगावच्या पोरीनं त्यात हात धरून पाहिला.

दुसऱ्या दिवशी यादी लागली. माझं नाव नेपथ्यात, शेवटचं. पहिलं काम मिळालं रंगमंचावर सांडलेले खिळे वेचायचं. संध्याकाळी सुनेला फोन करून मोठ्या थाटात सांगितलं. ती म्हणाली, अहो आई, घरी डाळीतले खडे वेचा म्हटलं की तुम्हाला दिसत नाही म्हणता.

खिळे दिसतात, मी म्हटलं.