पिशवीवर छापलेलं नाव

दुकानदारानं मोजून दिलेलं कापड मी घरी आणून पुन्हा मोजते. दवाखान्यातून गोळ्या आणल्या तर चष्मा लावून त्यांची तारीख वाचते. शेजारणीनं वाटीभर भाजी पाठवली तर आज हिला काय हवंय, हे आधी मनात येतं. माझे मिस्टर होते तेव्हा म्हणायचे, "तू देवाचा प्रसादही उलटून पाहशील." पाहतेच. हायवेच्या कडेला तीस वर्षं शिलाई मशीन चालवते आहे. इथं रोज नवी माणसं उतरतात आणि चहा पिऊन निघून जातात. अशा गावात डोळे झाकून विश्वास ठेवणं मला परवडलं नाही.

प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा बाजारात कापडासारख्या दिसणाऱ्या रंगीत पिशव्या आल्या. सगळे त्यांना कापडीच म्हणत. मी एक फाडून पाहिली. तिला उभा धागा नव्हता की आडवा. धागा नाही ते कापड कसलं? ते तर दाबून बसवलेलं प्लास्टिक. पुढं कायद्यानंही तेच म्हटलं, आणि ठरलेल्या वजनापेक्षा हलकी असेल तर तीही बंद, असं कळलं. तेव्हापासून मी गावात जरा नाकानं कांदे सोलू लागले. कायद्याला उशिरा कळलं ते मला आधी कळलं होतं ना.

मग तालुक्याच्या कचेरीत आम्हा शिवणाऱ्या बायकांची बैठक झाली. यादीत नाव असलेल्या बाईकडूनच दुकानदारांनी पिशव्या घ्यायच्या, असं ठरलं. साहेबांनी कागद वाचून दाखवला. कापड निखळ सुती हवं, पट्टा पाच किलोला उसवता कामा नये, आणि पिशवीवर बनवणाऱ्याचं नाव आणि फोन नंबर छापलेला हवा. "पिशवी नियमात बसली नाही, तर जाब कुणाला विचारायचा ते कळायला हवं," साहेब म्हणाले. बाकी सगळं मी विसरले असते. हे वाक्य तेवढं डोक्यात रुतून बसलं.

माझ्याबरोबर मागच्या गल्लीतली एक बाई काम करायची. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, सालेकशाकडच्या जंगलातल्या गावातून लग्न होऊन आलेली. नवरा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. मी तिला मशीन शिकवली होती. ती मला बाई म्हणायची, आणि तिच्या तोंडी बाई म्हणजे थोरली बहीण. पट्टा शिवावा तर तिनंच. चौकोन शिवून त्यात फुली मारायची, मग पिशवीत तांदूळ भरून दाराच्या कडीला सकाळपासून संध्याकाळपर्यंत टांगून ठेवायची. एक टाका जरी ताणला तरी सगळं उसवून पुन्हा शिवायची. तिच्या शिलाईवर मला कधी संशय घेता आला नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचाही थोडा रागच यायचा.

कापड आणायला मी एकटीच गोंदियाला गेले. व्यापारी म्हणाला, "एकदम शुद्ध सूती है, बहनजी." एकदम आणि शुद्ध असे दोन शब्द लागले, म्हणजे कुठं तरी पाणी मुरतंय. मी त्याचा मोजायचा गज तपासला. ताग्याचा पन्हा जागोजागी मोजला, मग पुन्हा मोजला. तो वैतागला तेव्हा मला बरं वाटलं. शेवटी काठाकडून एक धागा उसवला आणि काडी लावली. सुताचा धागा जळाला की कागदासारखा वास येतो आणि राख होते. प्लास्टिकचा असेल तर आकसून त्याची काळी गुठळी होते. धाग्याची राख झाली. मी समाधानानं तागा उचलला.

यादीत नाव कुणाचं घालायचं, हे मी परतताना बसमध्येच ठरवलं होतं. तिला म्हटलं, "तुझ्या हातचं काम, तुझंच नाव असू दे." तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि हो म्हणाली. छापून आलेली पहिली पिशवी तिनं माहेरी धाडली. तिची आई त्या पिशवीत मोहफुलं भरत नाही, नवी राहावी म्हणून खुंटीला टांगून ठेवते, असं ती हसत सांगायची. मी मान डोलवायची आणि विषय बदलायची.

दोन महिन्यांनी आठवडी बाजारात तपासणी आली. एका भाजीवाल्याकडची आमची पिशवी त्यांनी उलटी केली, कडेचा धागा ओढला आणि पेटवला. गुठळी झाली. पिशवीवरच्या नंबरावर फोन गेला, आणि सोमवारी कचेरीत या म्हणून तिला सांगितलं.

मला कळलं तेव्हा माझ्या डोक्यात आधी तो भाजीवाला आला. त्यानंच पिशवी बदलली असेल. मग त्या रंगीत पिशव्या विकणारे आले. शेवटी ती आली. माझा तागा ठेवून घेऊन हिनं स्वस्तातलं कापड तर वापरलं नाही? सांगायला लाज वाटते, पण मी तडक तिच्या घरी गेले. बोलता बोलता कोपऱ्यात पाहत होते, पलंगाखाली पाहत होते.

"काय पाहून रायल्या, बाई?"

"उरलेलं कापड कुठं आहे?"

तिनं स्वतःच पेटी ओढून माझ्यासमोर उघडली. "पाहून घ्या."

आत दोन चांगली लुगडी, मुलीचे शाळेचे कागद आणि आमच्या ताग्याच्या चिंध्या होत्या. बोटभर चिंधीसुद्धा तिनं गुंडाळून ठेवली होती. त्यातल्या मूठभर मी घेऊन आले. घरी दार लावून एकीचा उभा धागा जाळला. राख झाली. मग आडवा ओढला आणि जाळला. तो आकसला, आणि काळा मणी होऊन ताटलीला चिकटला.

उभे धागे सुती होते, आडवे प्लास्टिकचे. कापडाच्या काठाकडून उसवलं की उभाच धागा हाती येतो. तीस वर्षं कापड हाताळणारीला एवढं कळायला हवं होतं. पण मी व्यापाऱ्याच्या गजाकडे पाहत बसले, पन्हा दोनदा मोजला, आणि ज्यात खोट होती तो धागा ओढलाच नाही. व्यापाऱ्याचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा. हे सगळं मला शनिवारी संध्याकाळी कळलं. रविवारचा अख्खा दिवस माझ्या हातात होता. मी तिच्या घरी गेले नाही.

सोमवारी कचेरीत तिच्या शेजारी बसले. साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं नीट विचारलं, "कापड कुणी आणलं होतं? यादीतून नाव काढण्याआधी विचारतोय." यादीतून नाव गेलं की गावातला एकही दुकानदार तिची पिशवी घेणार नव्हता. मशीन झाकून ठेवायची आणि पुन्हा दुसऱ्याच्या बांधीत, भाताच्या चिखलात, रोवणीला जायचं, एवढंच तिच्यापुढं उरलं असतं. मला वाटलं, आता ही माझ्याकडे बोट दाखवणार. काय उत्तर द्यायचं तेही मी जुळवून ठेवलं होतं.

ती म्हणाली, "पिशवीवर नाव मायं हाय, साहेब."

एवढंच. साहेबानं माझ्याकडे पाहिलं. जुळवून ठेवलेलं उत्तर मला द्यावंच लागलं नाही. मग त्यानं यादी ओढली आणि तिच्या नावावर रेघ मारली.

बाहेर आल्यावर मीच भांडायला लागले. "तू सांगितलं का नाहीस? कापड मी आणलं होतं ना?"

"तुमी मायं नाव कायले टाकलं, ते मले तवाच समजलं होतं, बाई."

मी म्हटलं, "मग टाकू कशाला दिलंस?"

"आजवर कोनी मायं नाव कायच्यावरही छापलं नोतं," ती म्हणाली. "म्हटलं, कायलेही टाकोत, छापून तं येईल."

ती पुढं निघून गेली. मी रस्त्यात उभी राहिले. मग वळून कचेरीत गेले आणि साहेबाला सगळं सांगितलं. उभा धागा, आडवा धागा, माझी भीती, सगळं. तो म्हणाला, लिहून द्या. मी लिहून दिलं. खाली माझं पूर्ण नाव आणि फोन नंबर घातला.

त्याला आता पाऊस आणि हिवाळा उलटून गेला. रोवणीच्या दिवसांत ती चिखलात उभी असलेली मी बसमधून पाहिली. तिनं हात केला, मी खाली मान घातली. यादीत तिचं नाव अजून चढलेलं नाही. वरून हुकूम यायचा आहे म्हणतात. दर सोमवारी मी कचेरीत जाऊन विचारते. आता तिथं नवा साहेब आला आहे. परवा त्यानं पेन खाली ठेवलं आणि मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"दुसऱ्या बाईच्या नावासाठी तुम्ही एवढे खेटे घालता," तो म्हणाला, "यात तुमचा काय फायदा, ते एकदा खरं सांगा."

त्याच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं.