तिसऱ्या फेरीला मी उतरलो

बर्फातल्या चौकीची हकीकत मी मागे लिहिली, तेव्हा वाचणाऱ्यांनी एकच विचारलं, त्या कॅप्टनबाईंचं पुढे काय झालं? मी टाळत राहिलो. एकाला तर 'पोस्टिंग झाली' असं सांगून मोकळा झालो. निवृत्त सुभेदाराला खोटं बोलणं शोभत नाही, आणि मला ते धड जमतही नाही. म्हणून हा दुसरा भाग लिहितो आहे.

पहिला ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. उत्तरेकडच्या एका उंच चौकीवर आमच्या इंजिनिअर कंपनीकडे एक हेल्मेट चाचणीसाठी आलं होतं. आतून बारीक तारा, कानांमागे दोन चकत्या. जमिनीतले सेन्सर, ड्रोनची चित्रं, हवामान, हे सगळं घालणाऱ्याच्या मेंदूशी जोडायचं आणि धोका आधी कळवायचा, अशी कल्पना होती. कॅप्टन सुषमा लांजेवार यांनी ते चार महिने घातलं. मग हेल्मेट परत गेलं, पण दिसणं राहिलं. कोणी थोड्या वेळात मरणार असेल, तर त्याच्या चेहऱ्याकडे बघताच ते त्यांना दिसायचं. कशाने आणि कुठे, ते दिसायचं नाही.

पहिल्यांदा ते त्यांना शिपाई गुरुंगच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी त्याला बंकरमधून काढून लंगरात पाठवलं. दहा मिनिटांनी बर्फाचा कडा बंकरवर आला. आत हवालदार पवार होते. स्टोव्ह घ्यायला गेले होते, एका मिनिटाचं काम होतं. गुरुंग वाचला आणि पवार गेले.

"मरण टळत नाही साहेब. सरकते," मॅडम मला म्हणाल्या होत्या. ही गोष्ट त्यांनी एकट्या मला सांगितली, कारण मी त्यांच्या जिल्ह्याचा. त्या सिहोऱ्याच्या, मी तुमसरचा. अख्ख्या कंपनीत 'काहून' म्हटल्यावर ज्याला अर्थ सांगावा लागत नाही अशी आम्ही दोनच माणसं होतो. हुकूम हिंदीत आणि दुखणं आपल्या बोलीत, असं आमचं ठरूनच गेलं होतं.

त्यानंतर त्या माणसांच्या चेहऱ्याकडे बघेनाशा झाल्या. फॉल-इनला उभ्या राहिल्या की नजर जवानांच्या बुटांवर. पोरांना वाटायचं, मॅडम पॉलिशच्या फार कडक आहेत. कंपनीतले बूट त्या वर्षी आरशासारखे चमकत होते. मला मात्र ते बघवायचं नाही.

दोन वर्षांनी कंपनी नागपूरच्या बाजूला आली. आषाढात वरच्या अंगाला तीन दिवस पाऊस झाला, वैनगंगा फुगली आणि सकाळी ९.४० ला आम्हाला फोन आला. गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात एका टेकाडावर एकवीस माणसं अडकली होती. ११.५० ला आम्ही काठावर पोचलो.

माणसं तिथे गेली होती आखाडीसाठी, म्हणजे आषाढातल्या पूजेसाठी. त्यांचं गाव धरणात गेलं, त्यांना नवीन जागा मिळाली, पक्की घरं मिळाली. पण मातामायचं, गावदेवीचं ठाणं जुन्या गावाच्या टेकाडावरच राहिलं. ते हलवायचं नाही असं गावाने ठरवलं होतं. म्हणून दरवर्षी आखाडीला ढिवरांच्या, म्हणजे कोळ्यांच्या, डोंग्यांत बसून जायचं, पूजा करायची, परत यायचं. या वर्षी पूजा चालू असताना पाणी चढलं, वारा सुटला, आणि बांधलेले डोंगे वाहून गेले.

आमच्याकडे दोन बोटी होत्या. एक दुसऱ्या गावाला पाठवावी लागली. राहिलेल्या बोटीत इंजिनवर नाईक सेल्वम, पुढे मी, आणि वाट दाखवायला सोमाजीबाबा. हे सत्तरीचे गृहस्थ आखाडीला गेले नव्हते, गुडघे दुखत होते म्हणून काठावर होते. मॅडम काठावर रेडिओ आणि औषधपाणी बघत होत्या. एका फेरीत सात माणसं, अशा तीन फेऱ्या करायच्या होत्या.

पहिल्या दोन फेऱ्या सेल्वमने लांबून, उघड्या पाण्यावरून काढल्या. प्रत्येक फेरीला पाऊण तास लागला. टेकाडावर कवडाबाई नावाची एक म्हातारी होती, काखेत कोंबडी. मी तिला पहिल्याच फेरीत बसवत होतो, तर ती हात झटकून म्हणाली, "आधी लेकुरवाळ्या ने गा. अन् हे कोंबडी मायची हाय. हे मांगं राहिन त मी बी राहिन."

"कोंबडीले बी नेतो माय, बस."

"मांगून," ती म्हणाली आणि पाठ फिरवून बसली. अशा माणसाला हुकूम देता येत नाही. मी दुसरीलाच उचललं.

दुसरी फेरी उतरवली तेव्हा १.५० झाले होते. टेकाड आता एका खोलीएवढं उरलं होतं. पाऊण तासात तेही उरेल की नाही, सांगता येत नव्हतं. सोमाजीबाबा म्हणाले, "साहेब, आता पांदणीनं चला. सरळ हाय. पंधरा मिनटात नेतो."

पांदण म्हणजे शेतांमधून जाणारी बैलगाडीची वाट, दोन्ही अंगांना झाडं. त्यांनी पन्नास वर्षं त्या पांदणीने गाडी हाकली होती. पाण्याखाली गेली तरी कुठे वळते ते डोळे मिटून सांगत होते. आणि मी धानाच्या मुलखातला माणूस. पावसाळ्यात बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाय घालू नको, रुतशील, पांदणीने जा, हे आम्हाला चालायला लागल्यापासून शिकवलेलं असतं. मी हो म्हणालो.

सेल्वम समुद्रकाठच्या कोळ्याचा मुलगा. त्याने विचारलं, "साब, पानी में रोड के ऊपर से क्यों?"

"ये हमारा इलाका है," मी म्हणालो. "तू इंजिन देख."

पाण्यावर सगळं उलटं होतं. बांधीच्या वर नुसतं पाणी होतं, काही अडकायला नव्हतं. पांदणीच्या दोन्ही अंगांना मोहाची आणि बाभळीची वाळलेली झाडं पाण्याखाली उभी होती. हे सोमाजीबाबांना माहीत होतं आणि मलाही कळायला हवं होतं. पण वाट म्हणजे सुखरूप, हे आमच्या दोघांच्या अंगात इतकं मुरलेलं होतं की झाडं आठवलीच नाहीत. हुकूम माझा होता. त्यात सोमाजीबाबांचा दोष नाही, हे मी आधीच लिहून ठेवतो.

मॅडम लाइफ जॅकेटं घेऊन बोटीपाशी आल्या. माझं जॅकेट त्यांनी मला द्यायला हात पुढे केला आणि चुकून वर बघितलं. जॅकेट त्यांच्या हातातच राहिलं.

"साहेब, उतरा," त्या म्हणाल्या.

"काहून मॅडम?"

"उतरा म्हनलं ना."

मला कळलं. "मी?"

"हो."

"मंग कोनीच नोको जाऊ."

"तिकडं सात लोकं हायेत. पानी चढून राहिलं."

"मंग दुसरं कोनी पाठवा."

"कोनाले पाठवू? नाव सांगा तुमी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पवारच्या घरी मी गेलती साहेब. त्याची बायको मले चहा देऊन राहिली होती. आता आनखी एका घरी मी नाही जाऊ शकत."

माझ्यामागे काठावर अकरा जवान उभे होते. सगळ्यांची नावं मला घरच्यांच्या नावांसकट पाठ होती. त्यातलं एकही माझ्या तोंडातून निघालं नाही. स्वतःचं निघायला हवं होतं. मी जातो, जे व्हायचं ते होऊ दे, एवढं म्हणायला हवं होतं. मी ते म्हणालो नाही. मला जगायचं होतं.

त्या मोठ्याने म्हणाल्या, "सूबेदार साहब, किनारे की कमान आपकी. नाव मैं लूँगी."

"जी मॅडम," मी म्हणालो आणि उतरलो. त्यांनी माझं जॅकेट स्वतःच्या अंगात घातलं. जाताना विचारलं, "रूट?" मी सांगितलं, पांदण. त्यांनी मान हलवली. त्याही धानाच्याच मुलखातल्या.

२.०५ ला बोट निघाली. २.२२ ला मी रेडिओ केला.

"नाव एक, किनारा. हालत बताओ. ओवर."

"किनारा, नाव एक. सात सवारी, एक मुर्गी. वापस चल रहे हैं. ओवर."

"नाव एक, आराम से आओ. ओवर."

"आराम से ही आ रहे हैं साहब. आउट."

हे त्यांचे शेवटचे शब्द. २.३१ ला मी दुर्बिणीतून बघत होतो. बोटीचं नाक एकदम उचललं गेलं, बोट आडवी झाली आणि पालथी पडली. काठावर ढिवरांचे दोन डोंगे होते. आम्ही ते वल्हवत गेलो. मी नारिंगी जॅकेटं मोजत होतो. बोटीत दहा माणसं होती आणि मला नऊच दिसत होती. पुन्हा मोजली, तरी नऊ.

काय झालं ते सेल्वमने सांगितलं. बोट मोहाच्या बुंध्यावर चढली. सगळे पाण्यात पडले, पण जॅकेटांनी तरले. एकट्या कवडाबाईचं लुगडं खालच्या फांदीत गुंतलं आणि ती जॅकेटसकट खाली ओढली जाऊ लागली. नाकातोंडात पाणी. जॅकेट घालून बुडी मारता येत नाही. मॅडमनी स्वतःचं काढलं, सेल्वमच्या हातात दिलं आणि खाली गेल्या. दोनदा श्वास घ्यायला वर आल्या. तिसऱ्यांदा कवडाबाई सुटून वर आली. मॅडम आल्या नाहीत. त्यांचा पाय दोन फांद्यांच्या बेचक्यात अडकला होता. आम्हाला त्या ५.२० ला मिळाल्या.

चौकशीत मी पांदणीचं सगळं लेखी दिलं. मी काठावर का होतो, असं विचारलं तेव्हा 'मॅडमचा हुकूम' म्हणालो. ते खरं होतं आणि पुरतं खरं नव्हतं. सिहोऱ्याला अंत्यसंस्काराच्या वेळी त्यांच्या आईने मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "साहेब, तिनं जाताना तुमाले काही सांगतलं होतं का?"

"नाही काकू," मी म्हणालो.

आठ महिन्यांनी मी निवृत्त झालो. घरी बसणं जमेना. जेवताना उठायचो, दारापर्यंत जाऊन परत यायचो. बायको म्हणायची, "पायाले भिंगरी लागली का तुमच्या?" पोरांनी टीव्ही लावला की मी अंगणात. अंगणात कोणी आलं की रस्त्यावर. डोक्यात सारखी तीच उजळणी चालायची. खरंच सरकतं का ते? दोनदा घडलं म्हणजे नियम झाला का? लांबून गेलो असतो तर? सेल्वमचं ऐकलं असतं तर? बर्फातल्या चौकीवर मी एवढा कधी थकलो नव्हतो.

वर्ष उलटून गेल्यावर एका सकाळी मी तुमसरहून सिहोऱ्याची बस धरली. काकू रोवण्यावर, म्हणजे धानाच्या लावणीवर होत्या. गुडघाभर चिखलात, लुगड्याचा काचा मारून, हातात पऱ्ह्यांची, रोपांची पेंढी. मी शेताच्या कडेला धुऱ्यावर उभा राहूनच सगळं सांगितलं. हेल्मेट, पवार, माझा चेहरा, 'नाव सांगा', आणि मी उतरलो ते. अंत्यसंस्काराला खोटं बोललो तेही सांगितलं. त्यांनी रोवणं थांबवलं नाही. एक ओळ संपली, दुसरी लागली. मला वाटलं, आता या मला हाकलून देतील, आणि हाकललं तर बरंच होईल.

मग त्या उभ्या राहिल्या. "तिले तुमी मेलेले दिसले होते ना?"

"हो."

"बोटीत जाकीट किती जनायनं घातलं होतं?"

"सगळ्यायनं."

"अन् ज्यायच्या अंगात राहिलं थे सारे वाचले."

"हो."

"मंग तुमी कायनं मेले असते साहेब?"

इतक्या महिन्यांत हा प्रश्न मला एकदाही सुचला नव्हता.

"तुमी बी थे जाकीट काढलंच असतं," काकू म्हणाल्या. "त्या बाईसाठी. म्हनून दिसले तुमी तिले." त्यांनी हातातल्या पेंढीचा चिखल झटकला. "माही लेक गेली, थे त काही वापस येत नाही. पन तिनं भलत्या मानसाले नाही वाचवलं, येवढं मले आज समजलं."

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "उभे कायले हा? या खाली." मी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि बांधीत उतरलो. दुपारपर्यंत त्यांच्या शेजारी रोवत राहिलो.

काकू म्हणाल्या ते खरं असेल. काही दिवस मला ते पटतं, काही दिवस नाही. बोट निघाली त्या दिवशी मी एकोणपन्नास वर्षांचा होतो. कॅप्टन सुषमा लांजेवार अठ्ठावीस वर्षांच्या होत्या.