ससाण्याच्या वाट्याची भाकरी

पेठ रस्त्यावरच्या एका गावात मी हंगामी शिक्षिका होते. सकाळच्या एसटीने नाशिकहून जायचं, संध्याकाळी परत. सत्तरचं दशक सरत आलं होतं आणि माझी नोकरी कायम होणार की नाही, हे तपासणीला येणाऱ्या साहेबांच्या शेऱ्यावर अवलंबून होतं. साहेब भारी खवय्ये. ते आले की आम्हा शिक्षकांच्या वर्गणीतून कोंबडी शिजायची. मला त्याचा मनस्वी राग यायचा, म्हणून जरा आगाऊपणा करायचं ठरवलं.

सातवीला अन्नसाखळीचा धडा होता. गवतातली ऊर्जा नाकतोड्यात जाते, नाकतोड्यातली बेडकात. पण प्रत्येक जण मिळालेलं बहुतेक स्वतः जगण्यातच खर्चून टाकतो, पुढच्याला जेमतेम दहावा हिस्सा. नुसतं सांगून पोरांच्या डोक्यात शिरेना, तेव्हा मी नाटकच बसवलं. सगळ्यांच्या डब्यातल्या नागलीच्या भाकरी पहिल्या रांगेकडे, म्हणजे गवताकडे. गवताने खायचं आणि उरलेला तुकडा मागच्या नाकतोड्यांना द्यायचा. मग बेडूक, मग साप आणि टोकाला ससाणा. तालमीत एका दांडगट पोराला ससाणा केलं, तर त्याच्या हाती चिमूटभर चुरा आला आणि तो रडकुंडीला आला. म्हटलं, झकास. तपासणीच्या दिवशी ससाण्याचा मान साहेबांना.

साहेब खुशीत खुर्चीवर बसले. मी टाळी वाजवली, आणि गवत काही खाईना. भाकरीची चवड जशीच्या तशी नाकतोड्यांकडे, तिथून बेडकांकडे, तिथून सापांकडे. मी डोळे वटारले, खुणा केल्या, शेवटी पुटपुटले, "अरे, खा की."

पहिल्या रांगेतली एक पोरगी म्हणाली, "बाई, पाव्हणा उपाशी हाय. त्याच्या आधी कसं खायाचं?"

घ्या आता. त्यांच्या घरी पाहुण्याचं ताट झाल्याशिवाय कुणी घास मोडत नाही. मला हे सुचायला हवं होतं. त्यांच्याच ओट्यावर मी कितीदा पहिल्या पंगतीला बसले होते.

सगळी चवड साहेबांच्या मांडीवर आली. त्यांनी कोंबडीच्या रश्शाबरोबर भाकरी मनसोक्त हाणल्या आणि उरलेल्या फडक्यात बांधून घेतल्या. बायकोला नागली फार आवडते म्हणाले. शेरा उत्तम दिला. मी कायम झाले, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला आनंदच झाला.

दुपारी वर्गात आले तेव्हा पोरं माठातलं पाणी पिऊन बसली होती. माझा आनंद तिथंच ओसरला. त्याच पोरीने विचारलं, "बाई, ससाण्याकडं गेलेलं गवताकडं परत कवा येतं?"

पुस्तकातलं उत्तर तोंडपाठ होतं.

"नाही येत गं," मी म्हटलं. "ते परत येत नाही."

तिने रिकामा डबा दप्तरात टाकला. मग म्हणाली, "तर मंग पुढच्या टायमाला आमी आधी खाणार."