बोअरच्या पाण्यातले शिणाणे

सुनेला दिवस गेले आणि तिला शिणाणे खावेसे वाटू लागले. ती कोकणातली, आम्ही यवतजवळचे, ऊसवाले. शिणाणे म्हणजे समुद्राच्या खडकांना चिकटून वाढणारे काळपट शिंपले, एवढंही मला विहीणबाईंकडं गेल्यावर कळलं.

ओहोटीला त्या मला खडकांवर घेऊन गेल्या. घोसच्या घोस होते. प्रत्येकाच्या अंगातून बारीक दोरे निघतात. त्यांनीच खडक धरायचा आणि शेजाऱ्यालाही. मी कांदे उपटावेत तसा अख्खा घोस ओढला.

"हळू हो, विहीणबाई!" त्या मला म्हणाल्या. "मोठे तेवढेच काढा. घोस सुटला की बाकीचे लाटेबरोबर जातात."

पाणी ओसरलं की शिणाणे घट्ट मिटून बसतात, आत घोटभर समुद्र धरून. भरती आली की उघडतात आणि पाणी गाळून पोट भरतात. निघताना विहीणबाईंनी ते ओल्या गोणपाटात बांधून दिले. "असेच ठेवा. पाण्यात घालू नका. पोरीला उद्याच करून घाला."

घरी पोचले तेव्हा गोणपाट सुकत आलं होतं. सुकायला लागलं की पाणी द्यायचं, एवढंच आम्हाला येतं. घमेल्यात बोअरचं पाणी भरलं आणि सगळे त्यात सोडले.

नवरा म्हणाला, "अगं, ऊस हाय व्हय त्यो, पाणी पाजायला?"

"तुम्ही गप बसा. पाण्यातलं जनावर पाण्याबिगर जगंल व्हय?"

सकाळी बघते तर बहुतेकांची तोंडं उघडी. मला आनंदच झाला. सुनेला हाक मारली, "ये बघ, कशी पाणी प्यायलीत तुझ्या माहेरची!"

ती येऊन खाली बसली. एक उचलून त्याला टिचकी मारली. तो मिटला नाही. दुसराही नाही.

"मेलेत, आत्या. गोडं पाणी सोसत नाही त्यांना." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "राहू द्या. मी पिठलं खाईन."

दुपारी मी भाकरी थापत होते. विहीणबाईंचा फोन आला, सुनेनं स्पीकरवर टाकला.

"खाल्लंस गो?"

"हो. आत्यांनी कालवण केलं. जरा तिखट झालं."

"दोरे काढले होते ना त्यांनी?"

"हो, एकेकाचे."

मला पुढं ऐकवेना. पिठाच्या हातानंच फोन घेतला. "विहीणबाई, मारले मी ते. बोअरच्या पाण्यात घातले."

सुनेची मान खाली. तिचं खोटं आईसमोर उघडं पाडलं, ते माझ्या आत्ता लक्षात आलं.

"पोरीकडे द्या," विहीणबाई म्हणाल्या.

तिनं स्पीकर बंद केला आणि दाराकडं वळली, तरी ऐकू येत होतं. "नाही गो आई, मुद्दाम कशाला करतील? आमच्याकडं सगळ्याला पाणीच देतात."

तव्यावरची भाकरी करपली. ती मी माझ्या ताटात घेतली.