घास न भरवणारी अक्का

सन एकोणीसशे तेहतीस. माझं वय सव्वीस. तेव्हा माझ्या घरात एक अशी बाई होती, जिनं माझी बिनआईची पोर वाढवली, पण तिच्या तोंडात आपल्या हातानं एक घास कधी घातला नाही. ती माझी थोरली बहीण. सारं गाव तिला अक्का म्हणायचं. मी शाळेत दुसरीपर्यंतच गेलो, तेव्हा लिहिताना चुकेल ते चुकेल. पण अक्काबद्दल लोक जे बोलले ते चूक होतं, आणि ते मी लिहिणार.

पाचोऱ्याच्या अलीकडे गिरणाकाठी आमचं गाव. माझी बायको पोर दोन महिन्यांची असताना तापानं गेली. अक्का विधवा होऊन आधीच माहेरी आलेली होती, तिनं पोर पदरात घेतली. शेळीच्या दुधावर ती वाढली. सहा महिने झाले तशी ती धड बसायला लागली, माझ्या ताटाकडे बघून दोन्ही हात नाचवायला लागली, आणि नेमकी तेव्हाच शेळी आटली. आता आमच्यात रीत अशी, की पहिलं अन्न मामानं द्यायचं. मामा येणार, सोन्याची अंगठी खिरीत बुडवून पोरीला चाटवणार, ते उष्टावण. त्याच्या आधी अन्न नाही. आणि मामा धुळ्याला. त्याचा निरोप आला होता, "नवव्या महिन्यात येतो, उष्टावण करतो आणि पोरीला आमच्या आईकडे घेऊन जातो. विधवेच्या हाताखाली आमची भाची वाढायला नको."

अक्कानं निरोप ऐकला आणि चुलीत लाकूड सारलं. "भूक काय मामानी वाट देखस का?" एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं गोणपाट अंथरलं, पोरीला त्यावर बसवलं आणि पुढं परात ठेवली. परातीत डांगराची, म्हणजे लाल भोपळ्याची, मऊ शिजवलेली लांब फोड, केळ्याचा तुकडा आणि वरणात भिजवलेला भाकरीचा जाड काठ. स्वतः समोर मांडी घालून बसली आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. पोरीनं डांगर उचललं, कपाळाला लावलं, कानाला लावलं, मग कधीतरी तोंडाला लावलं. निम्मं खाली, निम्मं अंगावर. पोटात किती गेलं ते देवाला ठाऊक. मी म्हटलं, "अक्का, भरव की तिले." ती म्हणाली, "मी भरवस नही. ती आपला हातनं खास. तिना हात शे, तिनं तोंड शे."

शेजारची जिजी दारातून बघायची आणि कपाळावर हात मारायची. जिजी मनानं वाईट नव्हती, पण तिची जीभ गावभर फिरून संध्याकाळी घरी यायची. "काय व माय, पोरगी शे का कोंबडी शे? दाणा टाका आनि बसनी देखत." अक्का तिच्याकडे न बघता म्हणायची, "कोंबडीले कोनी भरवस का जिजी? तरी ती मरस नही." मग जिजी पुढच्या घरी जायची.

पण अक्काचे नेम कडक होते. पोर निजलेली किंवा टेकलेली असेल तर तोंडाजवळ काही न्यायचं नाही. शेंगदाणा, फुटाणा त्या खोलीतच आणायचा नाही. मी एकदा खिशात फुटाणे घेऊन आलो, तर तिनं खिसा उलटा करायला लावला. पोर खात असेपर्यंत जागचं उठायचं नाही, मग दारात पाव्हणा येवो की फौजदार. कधी पोरीला ठसका लागायचा, डोळ्यांत पाणी यायचं, माझा जीव वर यायचा. बोट घालायला मी पुढं झालो की अक्का माझं मनगट धरायची. "खोकी राहिनी ना? मंग ती काढस. तू आत ढकलशी." आणि पोर खरंच जिभेनं तुकडा बाहेर लोटायची, त्याच्याकडे रागानं बघायची आणि पुन्हा तोच उचलायची. त्या पोरीचा स्वभाव मला त्या परातीपाशी कळला.

हात पदराखाली का, ते अक्कानं मला एकदाच सांगितलं. नवरा गेल्यावर सासरी तिनं जावेच्या पोराला दोन घास भरवले होते. आठवड्यानं ते पोर देवीच्या साथीत गेलं. गावात आणखीही पोरं गेली, पण त्या घरानं दोष मात्र अक्काच्या हाताला दिला आणि तिला बाहेर काढलं. हे सांगताना ती रडली नाही. म्हणाली, "आते कोनाले बोलाले जागा देस नही मी."

नवव्या महिन्यात मामा आला. चांदीची वाटी, अंगठी, झबलं, सगळं घेऊन. बैलगाडी दारात उभी, बैल सोडलेसुद्धा नाहीत. माणूस भला होता, बहिणीच्या आठवणीनं त्याचा आवाज फाटत होता. खिरीची वाटी हातात घेऊन तो म्हणाला, "अक्का, राग मानू नका. पण तुमच्या हातचं पोरीच्या पोटात जातं, हे आमच्या आईला खपत नाही."

"मना हातनं एक शीत बी तिना पोटमा गयं नही. गाव साक्षीले शे."

"रांधलं तर तुम्हीच ना?"

"रांधस मीच. तुमना हातमा शे ती खीर बी मीच रांधेल शे."

जिजी दारात होती, ती पदर तोंडाला लावून हसली. मामा ओशाळला. त्यानं अंगठी खिरीत बुडवून पोरीच्या ओठाला लावली. पोरीनं तोंड मिटलं आणि मान फिरवली. इकडून लावली, तिकडे फिरली. शेवटी मामा चिडून म्हणाला, "हिला खायचंच माहीत नाही. उपाशी ठेवलीय तुम्ही. मी हिला आत्ता नेतो."

मी म्हटलं, "भाऊ, न्यायची तर न्या. पण आधी तिचं जेवण बघा."

अक्कानं परात मांडली. पोरीनं भाकरीचा काठ दोन्ही मुठीत धरला आणि भिडली. मामा बघत राहिला. आणि तेवढ्यात तिला ठसका लागला. तोंड लाल झालं. मामा झेपावला. मी त्याला मिठी घालून धरलं. माझी एकच पोर, आणि तिच्या मदतीला निघालेला माणूस मी अडवून धरला होता. अक्का जागची हलली नाही, तिची नजर पोरीच्या तोंडावरून हलली नाही. पोर खोकली, पुन्हा खोकली, तुकडा बाहेर आला. तिनं तो बघितला, उचलला आणि खाल्ला. मग समोरची चांदीची वाटी ओढली, पंजा खिरीत घातला आणि मनगटापर्यंत चाटला.

मामा मटकन खाली बसला. मग म्हणाला, "आईला काय सांगू?"

"सांगा, पोर कोनाच हातनं खास नही," अक्का म्हणाली.

त्यानं पोर नेली नाही. वाटी तिच्यापुढंच राहू दिली. गाडीत बसताना मात्र म्हणाला, "पोर तुमच्याकडे राहू द्या. पण अक्का, शुभ कामाला तुमचा हात लावू नका. एवढं पाळा." अक्काचे हात पदराखाली होते.

अक्का जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. माझी नातसून वाटी-चमचा घेऊन पोरामागं अंगणभर पळते. मी काही बोलत नाही. नाही, खोटं कशाला लिहू, बोलतो. ती म्हणते, आबा, तुमचा काळ वेगळा. काळ वेगळा असेल, पोराला हात तेव्हाही दोनच होते.

पण मामा गेला त्या रात्री मला झोप लागली नाही. पोर राहिली होती, तरी त्याचं ते शेवटचं वाक्य मला गिळवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या रानात दादर ज्वारीची पेरणी होती. पहिली मूठ सवाष्णीनं धरायची, म्हणून जिजी हळदकुंकू लावून बांधावर आली होती. मी पोर तिच्या कडेवर दिली, बियाण्याची ओटी अक्काच्या कमरेला बांधली आणि तिला पाभरीमागं, बी सोडायच्या चाड्यापाशी उभं केलं.

"लोके बोलतीन," अक्का म्हणाली.

"बोलू दे. चाड्यावर मूठ धर."

तिनं पदराखालून हात काढला. मी बैल हाकले.