आईचा तोल

आजारपणातून उठल्यावर आईचा उभ्या-उभ्या तोल जायचा. डॉक्टरांकडे नेलं, तर मी तोंड उघडायच्या आत तीच हिंदीत सांगून मोकळी झाली, "मेरा तोल जाता है." त्यांनी तौल, म्हणजे वजन, असं ऐकलं. तिला काट्यावर उभं केलं आणि दूध-तूप वाढवायला सांगितलं. तीन पिढ्या जबलपुरात काढूनही आमची हिंदी ऐन वेळी असा दगा देते. मी खुलासा केल्यावर डॉक्टर हसले आणि त्यांनी रोज चालायला सांगितलं.

आईला एकच हवं होतं. दीक्षितपुऱ्यातल्या आमच्या घरापासून कमानिया गेटपर्यंत पुन्हा एकटीनं जायचं, कुणाचा हात न धरता. मी शाळेत विज्ञान शिकवते. संतुलित बलं म्हटलं की फळ्यावर एक ठोकळा, एक बाण वर, तेवढाच एक खाली, झाला विषय. गल्लीत मात्र मी तिचा दंड घट्ट धरून चालायची, आणि तरी ती माझ्याच बाजूला कलंडायची. आठ दिवस हेच. मी वैतागून तिला नीट चालायला सांगितलं, तशी ती थांबली.

"काहून ओढून राहिली तू? तू धरते म्हणून तर मी पडते."

आधी राग आला, मग लाज वाटली. फळ्यावर कधी न काढलेला तिसरा बाण मीच होते.

मी दंड सोडला आणि ओट्यावर बसून तिच्या अनवाणी पायांकडे पाहत राहिले. वरून ती अगदी स्थिर दिसत होती. खाली बोटं जमीन धरत होती, सोडत होती, घोटे थरथरत होते, टाच पुन्हा पुन्हा दाबली जात होती. नुसतं उभं राहायला एवढं चाललेलं असतं! मी थक्क झाले. एवढी वर्षं शिकवलं, पण पाहिलं नव्हतं.

मग ती निघाली. प्रत्येक पावलाला थोडी पुढे पडायची आणि स्वतःच स्वतःला सावरायची. गेट दिसायला लागलं तरी तिनं मागे वळून पाहिलं नाही.

मी दहा पावलं मागे होते. माझे हात आपोआप पुढे धावत होते, म्हणून मी ते पाठीमागे एकमेकांत अडकवून घट्ट धरून ठेवले होते.