रापणीवरचा धडा

‘सरकली का?’ वर्गाच्या भिंतीला दोन्ही हात लावून, तोंड लाल होईपर्यंत रेटा देत आमचे विज्ञानाचे मास्तर विचारायचे. सातवीची पोरं एका सुरात ओरडायची, ‘नाऽय!’ ‘मग बल भरपूर, पण काम शून्य!’ असं म्हणत ते धोतराला लागलेला चुना झटकायचे.

तुम्हीही असे मास्तर पाहिले असतील, वर्गात हशा पिकला की ज्यांचं पोट भरतं. मी त्याच शाळेत मराठी शिकवायचो आणि आम्ही एकाच खोलीत राहायचो. घाटावरून आले तेव्हा ते समुद्राला बिचकत. पण वर्षभरात त्यांना होडी, वल्हं, लाट सगळ्यांत बल आणि गती दिसू लागली. भात कालवतानाही ते घर्षणावर बोलत.

एकदा त्यांनी वर्ग रापणीवर नेला. रापण तुम्हाला ठाऊकच असेल. होडी जाळं टाकत समुद्रात वळसा घेते, मग किनाऱ्यावरून सगळे मिळून ते ओढतात आणि दोराला ज्याचा हात लागला, त्याला मासळीचा वाटा मिळतो. होडी फिरून येईपर्यंत दोराचं एक टोक किनाऱ्यावर कुणीतरी धरून ठेवावं लागतं. ते एका म्हाताऱ्याकडे होतं. गुडघे गेल्यामुळे त्याला ओढणं जमत नसे. दोर कमरेला गुंडाळून, टाचा वाळूत रोवून तो उभा राही.

मास्तरांचे डोळे चमकले. ‘आजोबा सरकले का?’

‘नाऽय!’

‘मग काम?’

‘शून्य!’

पोरं हसली, मासळीला आलेल्या बायका हसल्या, म्हाताराही हसला.

पुढच्याच आठवड्यात रापणीच्या तांडेलाने, म्हणजे मुखियाने, वाळूत खुंट ठोकला आणि दोर त्याला बांधला. ‘मास्तरांनीच सांगल्यानी, ह्येचां काम शून्य. खुंटो काय वाटो मागूचो नाय.’

हे कळलं तेव्हा मास्तर भरल्या ताटावरून उठले आणि किनाऱ्यावर धावले. मी मागोमाग.

‘माझं सांगणं अर्धवट होतं,’ ते सगळ्यांसमोर म्हणाले. ‘दोर सरकला नाही तरी धरणाऱ्याच्या अंगातली ऊर्जा खर्च होते. स्नायू ताणलेले राहतात, तापतात, घाम फुटतो. खुंटाला यातलं काही होत नाही. हा माणूस दमतो!’

तांडेल शांतपणे म्हणाला, ‘मगे त्या दिवशी ह्यां कित्याक सांगूक नाय तुमी?’

मास्तर हळूच म्हणाले, ‘पोरं हसली. म्हणून तिथेच थांबलो.’

खुंट काही कुणी उपटला नाही. मास्तरांना मात्र लाजेने पोखरलं. म्हातारा बाजारात दिसला की ते भलत्याच गल्लीत शिरत. भिंत रेटणं बंद झालं. बलाचा धडा ते पुस्तकात मान घालून वाचून दाखवू लागले. त्यांच्याकडे बघून मलाच कानकोंडं व्हायचं.

पुढे त्यांची बदली झाली. निघायच्या दिवशी म्हातारा दारात हजर. ‘ट्रंक माज्या डोक्यार दिया.’ मास्तर नको नको म्हणत राहिले. तो हटेना, तेव्हा शेवटी मीच ती त्याच्या डोक्यावर चढवली. सपाट रस्त्याने, पाय ओढत तो एसटीपर्यंत आला. कंडक्टरने ट्रंक उतरवून घेतली.

‘ह्यां तरी काम झालां मां, मास्तरानू?’ म्हाताऱ्याने विचारलं. खवचटपणा अजिबात नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

डोक्यावरचं ओझं सपाट वाटेने कितीही लांब नेलं, तरी पुस्तकाच्या लेखी ते शून्य काम. हे मास्तरांनीच पोरांकडून घोकून घेतलं होतं. त्यांनी म्हाताऱ्याचे दोन्ही हात धरले.

‘झालं, आजोबा. पुष्कळ झालं,’ म्हणाले, आणि गाडी सुटेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.